केसानं गळा कापणारे: राजकीय रूपककथांतल्या भुलवणीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी सकाळी सोलापुरात पार्क चौकाजवळ एका मित्राच्या रिकाम्या हॉलमध्ये आम्ही दहा-पंधरा जण वाचायला बसतो. कॉलेजची पोरं, दोन निवृत्त मास्तर, टॉवेलच्या कारखान्यातला एक जॉबर (मागांवर देखरेख करणारा), आणि 'मी नुसती ऐकणार' म्हणून येणाऱ्या पण सगळ्यात जास्त बोलणाऱ्या एक काकू. गेल्या वर्षी आम्ही जॉर्ज ऑर्वेलचं 'ॲनिमल फार्म' (शेतावरचे प्राणी बंड करून मालकाला हाकलतात आणि पुढे डुकरंच मालक होतात, ती गोष्ट) आणि पंचतंत्रातला 'मित्रभेद' शेजारी शेजारी ठेवून वाचलं. नवा माणूस आला की तेच प्रश्न पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवतो आहे.

रूपककथा म्हणजे इसापनीतीच की ओ? वेगळं काय त्यात?

इसापाचा कोल्हा कुणीही असू शकतो, तुमचा मेहुणासुद्धा. राजकीय रूपककथेतल्या प्राण्याला पत्ता असतो. 'ॲनिमल फार्म'मधला नेपोलियन नावाचा डुक्कर म्हणजे रशियाचा हुकूमशहा स्टालिन, हाकलून दिलेला स्नोबॉल हा डुक्कर म्हणजे स्टालिननं देशाबाहेर घालवलेला ट्रॉट्स्की, म्हाताऱ्या मेजरमध्ये मार्क्स आणि लेनिन दोघेही मिसळलेले. स्क्वीलर या तिसऱ्या डुकराचा पत्ता मात्र एका माणसाचा नाही. तो सरकारी वर्तमानपत्र आहे, रेडिओ आहे, प्रवक्ता आहे. म्हणून तो कुठल्याही गावात भाड्यानं खोली घेऊन राहू शकतो. आमच्या बैठकीत सगळ्यात जास्त वेळ त्यानंच खाल्ला आहे.

सरळ नाव घेऊन का लिहीत नाहीत? प्राण्यांच्या आडून कशाला?

नाव घेतलं की काय होतं हे सोलापूरला कुणी सांगायला नको. १९३० साली इथं मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिलं गेलं. इंग्रजांच्या राज्यात लिहिणाऱ्याला आडोसा लागायचा. मराठीतला सर्वांत धीट आडोसा कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचा. १९०७ च्या 'कीचकवध'मध्ये महाभारतातलीच पात्रं आहेत, पण प्रेक्षकांना कीचकात व्हाइसरॉय राहिलेला लॉर्ड कर्झन दिसत होता, द्रौपदीत हिंदभूमी, धर्मराजात मवाळ आणि भीमात जहाल. सरकारलाही ते दिसलं, फक्त तीन वर्षं उशिरा: १९१० मध्ये नाटकावर बंदी आली.

ऑर्वेलची अडचण उलटी होती. त्यानं १९४३ च्या अखेरीस लिहायला घेतलं तेव्हा दुसऱ्या महायुद्धात रशिया इंग्लंडचा मित्र होता, आणि दोस्ताला नावं ठेवणं प्रकाशकांना नको होतं. एका प्रकाशकानं माहिती मंत्रालयातल्या अधिकाऱ्याच्या सल्ल्यावरून माघार घेतली आणि वर सुचवलं की राज्यकर्ते डुकरांऐवजी दुसरे कुणी प्राणी असते तर बरं झालं असतं. कवी टी. एस. एलियट तेव्हा एका प्रकाशनसंस्थेत होते. त्यांचं म्हणणं असं की गोष्टीला साम्यवाद जास्त नको, लोकहिताची चाड असलेली डुकरं जास्त हवीत. पुस्तक शेवटी १७ ऑगस्ट १९४५ ला निघालं, तोवर युद्ध संपलेलं होतं.

स्क्वीलर नेमकं करतो तरी काय? खोटंच बोलतो ना?

खोटं बोलतो, पण खोटं हा त्याचा शेवटचा हप्ता असतो. आधी तो बरंच काही करतो.

दूध आणि सफरचंदांचा प्रसंग घ्या. बंडानंतर गायींचं दूध आणि गळून पडलेली सफरचंदं एकट्या डुकरांकडे जातात. बाकीचे कुरकुरतात. स्क्वीलर सांगतो की आम्हाला दूध-सफरचंदं आवडतही नाहीत. आम्ही ती औषधासारखी घेतो, कारण डोक्याचं काम आमच्यावर आहे, आणि विज्ञानानं हे सिद्ध केलंय. आम्ही खातो ते तुमच्याचसाठी. एवढ्यावर तो थांबला असता तर एखाद्या शेळीनं तरी विचारलं असतं की कुठलं विज्ञान बाबा? पण तो लगेच विचारतो, तुम्हाला जोन्स परत यायला हवाय का?

जोन्स म्हणजे जुना मालक. तो परत यावा असं कुणालाच वाटत नाही. म्हणजे प्रश्नाला उत्तर एकच, आणि ते दिलं की दुधाचा विषय संपला. नीट बघा, दुधाचा आणि जोन्सचा काही संबंध नव्हता. संबंध नाही हे सिद्ध करायची जबाबदारी मात्र आता ऐकणाऱ्यावर आली. आमच्या जॉबरनं याला छान नाव दिलं, 'गाठ मारणं'. तुटलेल्या धाग्याला शेजारचा कुठलाही धागा बांधला तरी माग चालू राहतो, कापड मात्र बिघडतं आणि ते नंतर दिसतं.

दुसरी करामत शब्दांची. शिधा कमी होतो, पण स्क्वीलर 'कपात' म्हणत नाही, 'फेरजुळणी' म्हणतो. पोट तेवढंच रिकामं राहतं, पण 'कपात'ला लागणारा राग 'फेरजुळणी'ला लागत नाही. तिसरी आकड्यांची. रविवारी सकाळी तो कागदाची लांब पट्टी खुराखाली धरून वाचतो: अमुकचं उत्पादन दोनशे टक्के वाढलं, तमुकचं तीनशे, कशाचं पाचशे. बंडाआधी किती होतं हे कुणालाच नीट आठवत नाही, त्यामुळे टक्के कशाचे हा प्रश्नच उठत नाही. तरी आकडे थोडे कमी आणि दाणे थोडे जास्त मिळाले असते तर बरं, असं त्यांना अधूनमधून वाटतं, हे ऑर्वेल नोंदवून ठेवतो. पुस्तकातलं माझं आवडतं वाक्य ते.

चौथी करामत मला सगळ्यात भयंकर वाटते. डुकरं माणसांशी व्यापार सुरू करतात. काही प्राण्यांना आठवतं की असा व्यापार करायचा नाही असं आपण ठरवलं होतं. स्क्वीलर रागावत नाही. तो अगदी गोड आवाजात विचारतो: असा ठराव झाल्याचं तुम्हाला स्वप्न तर पडलं नाही? कुठे नोंद आहे? कुठे लिहून ठेवलंय? आणि लिहिलेलं तर कुठेच नव्हतं. प्राणी मान्य करतात की आपलीच चूक झाली.

आणि एक गोष्ट पोरं नेहमी विसरतात. एका प्रसंगी स्क्वीलरबरोबर तीन कुत्रे असतात आणि ते गुरगुरतात, तेव्हा त्याचं स्पष्टीकरण जास्त प्रश्न न विचारता पटतं. वक्तृत्वाचे गोडवे गाताना कुत्रे मोजायला विसरू नका.

पण प्राणी इतके मूर्ख कसे? आपण असतो तर लगेच ओळखलं असतं.

हा प्रश्न दर वेळी येतो, आणि विचारणारा दर वेळी पदवीधर असतो.

ते मूर्ख नाहीत. क्लोव्हर घोडीला दर वेळी शंका येते. डुकरं घरात पलंगावर झोपायला लागली तेव्हा ती भिंतीपाशी जाते, कारण बंडाचे सात नियम तिथं रंगवलेले आहेत. तिला अक्षरं ओळखता येतात, शब्द लागत नाहीत. म्हणून ती म्युरिएल नावाच्या शेळीला वाचायला लावते. म्युरिएल वाचते: कुठल्याही प्राण्यानं चादर घातलेल्या पलंगावर झोपू नये. 'चादर' हा शब्द क्लोव्हरला आठवत नसतो. पण भिंतीवर आहे म्हणजे असणारच. पुढे दारूच्या नियमामागे 'प्रमाणाबाहेर' चिकटतं आणि मारण्याच्या नियमामागे 'कारणाशिवाय'. एका रात्री स्क्वीलर शिडीवरून पडलेला सापडतो, शेजारी कंदील, ब्रश आणि पांढऱ्या रंगाचा डबा. तरीही बहुतेकांना त्याचा अर्थ लागत नाही.

म्हणून माझं मत असं, आणि बैठकीत ते सगळ्यांना मान्य नाही: या गोष्टीत जीभ दुय्यम आहे, भिंत मुख्य. नियम कुठे लिहिले जातात, ब्रश कुणाच्या हातात आहे आणि वाचता कुणाला येतं, एवढं ठरलं की वक्ता साधारण असला तरी भागतं.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. माझी आज्जी विड्या वळायची. तिला लिहिता येत नव्हतं. दर हजारामागे ती चुलीशेजारच्या भिंतीवर कोळशानं एक रेघ मारायची. आठवड्याच्या शेवटी मोजणारा कमी आकडा सांगायचा आणि वर हसून म्हणायचा, "आज्जी, तुमच्या मोजण्यात चूक झाली असंल." तो कधी ओरडला नाही. आज्जी घरी येऊन रेघा पुन्हा मोजायची, रेघा बरोबर असायच्या, पण भिंत काही उचलून नेता येत नाही. मी तिसरीत गेल्यावर तिनं मला एक दोनशे पानी वही आणून दिली आणि रेघा त्यात उतरवायला लावल्या. पहिल्यांदा वही घेऊन गेलो त्या दिवशी आकडा जुळला. माणूस तोच होता, हसणंही तेच.

आपल्याकडे असं काही आहे का? की सगळं इंग्रजांकडूनच शिकायचं?

आहे, आणि ते ऑर्वेलपेक्षा कित्येक शतकं जुनं आहे. पंचतंत्राचं पहिलं तंत्र, मित्रभेद. पिंगलक नावाचा सिंह राजा आहे, संजीवक नावाचा बैल रानात येतो, आणि दमनक व करटक हे दोन कोल्हे दरबारातून बाजूला पडलेले मंत्र्यांचे मुलगे. सिंह बैलाच्या डरकाळीला घाबरतो. दमनक ते ओळखतो, मध्ये पडतो, दोघांची दोस्ती लावून देतो आणि दरबारात पुन्हा जागा मिळवतो. पण दोस्ती इतकी घट्ट होते की सिंह बाकी सगळ्यांना विसरतो. आता दमनकाला ती तोडायची आहे.

तो सिंहाला सांगतो की बैल तुझ्या गादीवर टपलाय. बैलाला सांगतो की सिंह तुला मारून खाणार आहे. इतपत कुठलाही चहाडखोर करतो, प्रत्येक वाड्यात एक असतोच. दमनकाची खरी कारागिरी पुढे आहे. तो दोघांनाही खुणा शिकवून ठेवतो. बैल आज बिचकत, शिंगं रोखून, इकडेतिकडे बघत आला तर समज. सिंह आज कान टवकारून, डोळे लाल करून बसलेला दिसला तर समज. घाबरलेला बैल बिचकतच येणार. सावध झालेला सिंह ताठच बसणार. दोघांनाही पुरावा डोळ्यांनी दिसतो, आणि तो खराच असतो! त्यात दमनकानं रंगवलेलं काहीच नाही, प्रत्येकानं दुसऱ्यासाठी पुरावा स्वतःच तयार केला.

स्क्वीलर भिंत रंगवतो, दमनक डोळे रंगवतो. मला दमनक जास्त पोचलेला वाटतो. त्याला ब्रश लागत नाही, कुत्रेही लागत नाहीत. बैल मरतो, सिंहाला पश्चात्ताप होतो, आणि राजानं दयामाया धरून चालत नाही असं सांगत त्याची समजूत काढायला पुन्हा दमनकच हजर असतो. शेवटी प्रधानपद त्यालाच. गोष्ट त्याला शिक्षा करत नाही. राजपुत्रांना शिकवायला लिहिलेलं पुस्तक आहे, त्यांना जग जसं आहे तसं दाखवलंय.

दोन गल्ल्यांत भांडण लागतं तेव्हा आधी कुणीतरी दोन्हीकडे खुणा शिकवून गेलेला असतो. नावं घेत नाही. सोलापुरात मराठी, तेलुगू, कानडी, उर्दू असे चार आवाज एका बोळात नांदतात, म्हणून ही गोष्ट इथं जरा जपून वाचावी लागते.

बोकड आणि तीन ठगांची गोष्ट यातच येते का?

पंचतंत्रात येते, पण मित्रभेदात नाही, तिसऱ्या तंत्रात. ब्राह्मणाच्या खांद्यावर बोकड आहे. वाटेत थोड्या थोड्या अंतरावर तीन ठग भेटतात आणि त्याला पटवतात की हा बोकड नव्हेच. तिघांपैकी एकाकडेही युक्तिवाद नाही. बळ फक्त एवढंच की तिघं एकमेकांना ओळखत नाहीत असं त्याला वाटतं. मोबाइलवर एकच मजकूर कुटुंबाच्या, सोसायटीच्या आणि शाळेच्या ग्रुपवर आला की आपण म्हणतो, तीन ठिकाणी वाचलं. तीन ठिकाणी नव्हे, तीनदा.

घोषणा देणं वाईट का? चळवळी घोषणांवरच तर चालतात.

घोषणा वाईट नाही. 'ॲनिमल फार्म'मधल्या मेंढ्या वाईट घोषणा देतात असंही नाही, 'चार पाय चांगले, दोन पाय वाईट' हे सुरुवातीला सगळ्यांच्याच मनातलं असतं. त्या कधी देतात ते बघा: स्नोबॉल भाषणात रंगात आला की, कुणी हरकत घ्यायला तोंड उघडलं की. म्हणजे घोषणा काही म्हणायला नाही, दुसऱ्याचं ऐकू येऊ नये म्हणून. शेवटी डुकरं दोन पायांवर चालायला लागतात तेव्हा त्याच मेंढ्या 'दोन पाय अधिक चांगले' म्हणतात, आणि त्यांना काही वेगळं वाटत नाही, कारण चाल तीच असते.

मग पटवून देणं हेच पाप म्हणायचं? वकील, शिक्षक, विक्रेता, सगळेच पटवतात.

इथं मला म्हाताऱ्या मेजरची आठवण करून द्यावी लागते. गोष्टीची सुरुवात त्याच्या भाषणानं होते, आणि ते उत्तम भाषण आहे. त्यातही भीती आहे, आकडे आहेत, गाणं आहे, शत्रू एकच आहे. साधनं पाहिली तर मेजर आणि स्क्वीलर एकाच दुकानातून माल घेतात. पुष्कळांना हे आवडत नाही, मेजर चांगला ना!

फरक माझ्या मते असा. मेजर बॉक्सर घोड्याला सांगतो की तुझ्या अंगातलं बळ संपलं त्या दिवशी जोन्स तुला खाटकाला विकेल. हे तपासता येण्यासारखं आहे, जोन्स तसं करतच होता. पुढे बळ संपलेल्या बॉक्सरला डुकरंच गाडीत घालून पाठवतात. गाडीवर खाटकाचं नाव लिहिलेलं असतं. स्क्वीलर सांगतो की गाडी आता जनावरांच्या डॉक्टरनं घेतलीय, जुनं नाव पुसायचं राहून गेलं, आणि बॉक्सर दवाखान्यात शांतपणे गेला, मी शेवटपर्यंत उशाशी होतो. नंतर डुकरांना कुठूनसे पैसे मिळतात आणि व्हिस्कीची पेटी येते. मेजरचं बोलणं तुम्ही जाऊन बघू शकता, स्क्वीलरचं बोलणं तुम्ही जाऊ नये म्हणून असतं.

विक्रेत्याचंही तसंच. चादर उलटून, सूत ताणून बघू देतो तो पटवतो. "अहो, तुम्ही काय लगा आमच्यावर इश्वासच ठिवत नाय" म्हणून घडी उलगडूच देत नाही, त्याच्याकडून घेऊ नका.

हे पुस्तक लाल बावट्याच्या विरोधात आहे ना? गिरणगावात ते कशाला वाचायचं?

हा प्रश्न आमच्या एका मास्तरांचाच होता, आणि रास्त होता. कामगार चळवळ पाहिलेल्या गावात 'कॉम्रेड' हा शब्द पुस्तकातला नाही, शेजारच्या काकांना मारलेली हाक आहे. ऑर्वेल स्वतः समाजवादी होता. स्पेनच्या यादवी युद्धात सेनापती फ्रँकोविरुद्ध लढायला गेला आणि १९३७ मध्ये गळ्यात गोळी खाऊन परतला. त्याची तक्रार बंडाबद्दल नव्हती, बंड गिळणाऱ्यांबद्दल होती. (जन्म १९०३ चा, बिहारमधल्या मोतीहारीचा. वडील अफू खात्यात होते. साम्राज्याची गोड भाषा त्यानं घरातच ऐकली असणार.)

पण पुस्तकाचा वापर दुसऱ्यांनीही करून घेतला. १९५४ मध्ये त्यावर ब्रिटनमध्ये व्यंगचित्रपट निघाला, त्याच्यामागे अमेरिकेच्या सीआयए या गुप्तहेर संस्थेचा पैसा होता, आणि शेवट बदलला गेला. पुस्तकात डुकरं आणि माणसं एकमेकांसारखी दिसायला लागतात आणि गोष्ट तिथंच थांबते. चित्रपटात प्राणी डुकरांविरुद्ध उठतात. भुलवणीवरची गोष्टच भुलवणीला लावली. स्क्वीलरनं दाद दिली असती.

मराठीत वाचलं तर काही निसटतं का?

थोडं निसटतं. स्क्वीलर या नावात डुकराची किंकाळी आहे, ती मराठीत येत नाही. सोलापुरात मात्र एक वेगळीच पंचाईत होते. नियम 'चादर घातलेल्या पलंगा'विरुद्ध आहे, आणि डुकरं म्हणतात की आम्ही चादरी काढल्या, नुसत्या ब्लँकेटात झोपतो. हे वाचल्यावर जॉबर म्हणाला, "आमच्यात चादर अंथरत न्हाईत ओ, पांघरतात." खरंच की. सोलापुरी चादर म्हणजे पांघरूणच. मग इथं तो शब्द 'पलंगपोस' करावा लागेल, आणि डुकरं पलंगपोस काढून आमच्याच चादरी घेऊन घोरतील. त्यावर अर्धा तास गेला. पण एका नामावर किती पळवाट काढता येते हे त्या दिवशी जेवढं कळलं, तेवढं दुसऱ्या कशानं कळलं नसतं.

परीक्षेत काय लिहू?

'स्क्वीलर हे प्रचारयंत्रणेचं प्रतीक आहे' हे लिहा, गुण मिळतील. त्यापुढे एक प्रसंग स्वतःच्या शब्दांत लिहा. गाईडमधला लिहू नका, तो सगळे लिहितात.

बेंजामिनला वाचता येत होतं. मग तो बोलला का नाही?

हा प्रश्न नेहमी गप्प बसणाऱ्यांकडून येतो, बैठक संपल्यावर, चप्पल घालताना.

बेंजामिन हे म्हातारं गाढव. डुकरांइतकंच त्याला वाचता येतं. मारण्याचा नियम बदलल्याची शंका आली तेव्हा क्लोव्हरनं आधी त्यालाच विचारलं होतं. तो म्हणाला, मी असल्या भानगडीत पडत नाही. तो पहिल्यांदा ओरडतो ते बॉक्सरला घेऊन गाडी निघते तेव्हा. बाकीचे निरोप देत असतात, हा धावत येतो, गाडीवरची अक्षरं मोठ्यानं वाचतो. त्याच क्षणी गाडीची घोडी सुटतात. आणखी एकदा वाचतो, अगदी शेवटी, क्लोव्हरची नजर अधू झाल्यावर. तेव्हा भिंतीवर सातातला एकही नियम उरलेला नसतो. सगळे प्राणी समान, पण काही इतरांपेक्षा जास्त समान, एवढंच असतं.

मी बेंजामिनला बरेच दिवस भित्रा म्हणायचो. मग एका रविवारी काकू म्हणाल्या, "त्येला वाचता येतंय म्हणून समद्यांचं त्येनंच वाचायचं का? बाकीच्यांनी शिकायला काय झालं हुतं?" पुस्तकात याचंही उत्तर आहे: कुत्रे नियमांपलीकडे काही वाचायला बघत नाहीत, बॉक्सर चार अक्षरांपुढे जात नाही, मॉली स्वतःच्या नावापुरतंच शिकते. काकूंना ते वाचून दाखवलं. त्या काही बोलल्या नाहीत. पुढच्या रविवारी त्या नातीची पाटी घेऊन आल्या.